आईच्या पायाला सूज आणि उठल्यावर चक्कर, बीपीच्या गोळ्यांमुळे असेल का?

काळजीत_लेक: आईचं वय ७८. मध्यंतरी बीपी वाढलं म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० केली, तेव्हापासून घोट्यापाशी पाय सुजतात, संध्याकाळी चप्पलही पायात जात नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सुजेवर लघवीची गोळी दिली, सूज फारशी उतरली नाही पण आता पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा बेसिन धरलं म्हणून पडता पडता वाचली. बसून मोजलं तर बीपी १३०/७०, म्हणजे छानच की, मग चक्कर कशाची? गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही पेनकिलर पण घेते अधूनमधून. थोडे दिवस सगळं बंद करून बघू का?

संथवाट: स्वतःहून बंद नका करू प्लीज. आणि बसून मोजलेल्या बीपीवर जाऊ नका. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय. मोजताना शेजारी कुणीतरी हवंच, तोल गेला तर धरायला.

औषधांच्या_दुकानातून: मी फार्मासिस्ट आहे. अ‍ॅम्लोडिपिनची सूज खूप बघते, डोस १० केला की जास्तच. अंगात पाणी वाढल्यामुळे ती येत नाही, बारीक धमन्या सैल होतात, शिरा तेवढ्या होत नाहीत, म्हणून पाणी पायात झिरपतं. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती नीट उतरत नाही, उलट म्हाताऱ्या माणसाचं अंगातलं पाणी आणि सोडियम कमी होऊन बसतं. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी आणि दुसरीच्या त्रासावर उद्या चक्करेची तिसरी, हे थांबायलाच हवं. डायक्लोफेनॅकचं तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने मीठ-पाणी अंगात धरून राहतं आणि बीपी चढतं, कदाचित मुळात डोस वाढवायची वेळ त्यामुळेच आली असेल. सोबत टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल (या पण बीपीच्याच गोळ्या) असेल तर लघवीची गोळी + पेनकिलर + ते, या तिघांचा मिळून किडनीवर ताण येतो. सूज एकाच पायाला असेल किंवा दम लागत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

आजीची_नात: रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं त्यातून) तपासाच. माझी आजी लघवीच्या गोळीवर असताना दुपारीच झोपाळल्यासारखी राहायची, काहीतरी असंबद्ध बोलायची, आम्हाला वाटलं वयच झालं आता. सोडियम कमी निघालं. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, यादी नको, नावं वेगळी आणि आतलं औषध एकच असं आमच्याकडे निघालं होतं.

काळजीत_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. झोपून १४२/७४, उभं राहिल्यावर ११२/६६! उद्याच नेते. पिशवी भरताना मेटोप्रोलॉलची (बीपी आणि ठोके कमी ठेवणारी गोळी) रिकामी स्ट्रिप पण निघाली, आई म्हणते संपलीय, आणलीच नाही दोन दिवस.

औषधांच्या_दुकानातून: हे उद्यावर टाकू नका, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. मेटोप्रोलॉल एकदम सुटलं तर बीपी आणि ठोके उसळू शकतात, छातीत दुखूही शकतं, ती कमी करायची तर हळूहळूच करतात. पण उभं राहिल्यावर बीपी एवढं पडतंय तर परत सुरू करायच्या आधी हे दोन्ही आकडे त्यांना सांगा. छातीत दुखलं किंवा धडधड वाढली तर सरळ इमर्जन्सीत न्या. आणि रात्री बाथरूमला एकटं उठू देऊ नका.