ज्वालामुखीच्या मातीतली भाजी खरोखर अधिक पौष्टिक असते का?

साशंक
'दगडधोंडे' यांच्या परवाच्या लेखात असे विधान आहे की, ज्वालामुखीच्या मातीत सर्व खनिजे असल्यामुळे तिच्यात उगवलेली भाजी पोषणाने काठोकाठ भरलेली असते आणि इतर मातीतली भाजी म्हणजे 'नुसते हिरवे पाणी'. त्याखाली 'माहितीपूर्ण लेख' असे शेरे देणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही. माझा प्रतिसाद फार लांबल्यामुळे हा वेगळा धागा काढत आहे.

भरघोस पीक आणि पौष्टिक पीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीवनसत्त्वे वनस्पती स्वतःच तयार करते, मातीतून तिला फक्त मूलद्रव्ये मिळतात. त्यातले नत्र ताज्या राखेत जवळजवळ नसतेच. १९८० साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यानंतर तिथल्या उजाड प्युमिसवर, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या हलक्या सच्छिद्र दगडावर, सर्वांत आधी मूळ धरले ते ल्युपिन या शेंगवर्गीय रोपाने, कारण हवेतले नत्र वापरण्याची सोय त्याच्या मुळांवरच्या गाठींत होती.

आता 'सर्व खनिजे' या शब्दांकडे वळतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी, ताउपो ज्वालामुखीच्या सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून पडलेल्या प्युमिसच्या मातीवर गवत हिरवेगार येई आणि त्या गवतात गुडघाभर उभी असलेली गुरेमेंढरे खंगून मरत. हिरड्या पांढऱ्या पडत, हाडे वर येत. कळप काही महिने दुसऱ्या जमिनीवर हलवला की तीच जनावरे सुधारत. लोह कमी पडत असेल असे समजून त्यांना लोहखनिज चाटायला देत आणि कधीकधी गुणही येई. पुढे १९३०च्या दशकात उलगडा झाला की गुण येत होता तो त्या खनिजात भेसळीसारख्या मिसळलेल्या किंचित कोबाल्टमुळे. गवताला कोबाल्टवाचून काही बिघडत नव्हते, पण जनावराच्या पोटातल्या जिवाणूंना बी-१२ तयार करण्यासाठी ते हवे होते. एक किलो सुक्या गवतात साधारण ०.१ मिलिग्रॅम कोबाल्ट, एवढाच तो प्रश्न होता. सेलेनियमच्या बाबतीतही ही माती गरीबच. तेव्हा ज्वालामुखीच्या मातीवरचे हिरवे गवतही कुणाला उपाशी मारू शकते, हे लेखकाने लक्षात घ्यावे.

दगडधोंडे
माझ्या अख्ख्या लेखातले एक वाक्य उचलून त्याचा पंचनामा केल्याबद्दल आभार. आपण निवडलेले उदाहरण सोयीचे आहे. ताउपोची राख सिलिकाने ठासून भरलेली असते, आणि तशा राखेत मॅग्नेशियम, लोह, कोबाल्ट कमीच असणार, हे खडकांचा अभ्यास सुरू करणाऱ्यालाही ठाऊक असते. बेसाल्टची, म्हणजे कमी सिलिकाच्या काळ्या खडकाची, राख कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांनी समृद्ध असते. जावा आणि बोर्निओ हे एकाच हवामानातले शेजारी आहेत. एकावर जिवंत ज्वालामुखींची माळ आहे, दुसऱ्याची माती पावसाने धुऊन निकस झालेली आहे. जावावर १५ कोटींहून अधिक लोक राहतात आणि त्याच्या कितीतरी पट मोठा बोर्निओ विरळ आहे. जावातल्या मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरचे शेतकरी उद्रेकानंतर पुन्हा त्याच शेतात परततात, ते काही वेडे म्हणून नव्हे.

साशंक
जावाने माझेच म्हणणे सिद्ध होते. आपण माणसे मोजलीत, म्हणजे पीक किती येते ते मोजलेत. त्या पिकाच्या किलोमागे जस्त किती, हे सांगितलेच नाही.

गच्चीवरची
वाद घालणाऱ्यांनी कधी हातात खुरपे धरले आहे का? मी गेली तीन वर्षे कुंड्यांत ज्वालामुखीच्या खडकाची भुकटी घालते. पहिल्याच हंगामात टोमॅटोची चव बदलली आणि पाने काळपट हिरवी झाली. माझ्या सासूबाई कुणाचे सहसा कौतुक करत नाहीत, पण त्यांनीही न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतले. यापुढे कोणता पुरावा हवा?

गांडूळ
ताई, त्या पहिल्या हंगामात भुकटीबरोबर आणखी काय घातले होते?

गच्चीवरची
गांडूळखत. नेहमी घालते त्यापेक्षा थोडे जास्त. त्याचा इथे काय संबंध?

गांडूळ
माझे टोपणनाव पाहता मी पक्षपाती आहे हे मान्य करतो, पण श्रेय मला आणि माझ्या भाऊबंदांना मिळायला हवे होते असे वाटते. दगडातली खनिजे साखरेसारखी विरघळत नाहीत. पावसाचे आणि मुळांचे आम्ल त्यांना वर्षानुवर्षे कुरतडते, तेव्हा कुठे थोडे पोटॅशियम, थोडे मॅग्नेशियम सुटते. भुकटी जितकी बारीक आणि माती जितकी आम्लधर्मी, तितके हे काम लवकर होते. एका हंगामात चव बदलण्याइतके ते क्वचितच होते.

मीही ही भुकटी घेतली होती. विक्रेत्याने 'सूक्ष्म चूर्ण' म्हणून पाठवलेल्या पिशवीत निम्मी बारीक खडी निघाली. ती कुंडीत घातल्यावर निचरा मात्र उत्तम झाला. तक्रार केली तर उत्तर आले की निसर्गाला घाई नसते.

गच्चीवरची
आपल्याला खडी मिळाली याचा राग माझ्या टोमॅटोंवर काढू नये. तीन वर्षांचा अनुभव खोटा ठरवायला आपली एक पिशवी पुरेशी नाही. शिवाय चव ही खनिजांचीच असते, हे कुणीही सांगेल.

साशंक
कुणीही सांगेल, पण जीभ सांगणार नाही. टोमॅटोची चव साखर, आम्ले आणि सुगंधी द्रव्ये ठरवतात. तीही वनस्पतीनेच तयार केलेली असतात. ऊन, पाण्याचा ताण, वाण आणि पिकल्यावर तोडणे यांचा हिशेब मांडल्याशिवाय दगडाला श्रेय देणे घाईचे आहे. इटलीतल्या एटना ज्वालामुखीवरच्या द्राक्षांच्या वाइनमध्ये 'लाव्हाची चव' लागते म्हणणाऱ्यांनी एकदा बेसाल्ट चाटून पाहावा. त्याला चवच नसते.

गच्चीवरची
ही भाषा सभ्य चर्चेला शोभत नाही. चाटायचा सल्ला आपल्याजवळच ठेवावा.

अर्धविराम
टोमॅटो क्षणभर बाजूला ठेवून मातीकडे परत यावे ही विनंती. मी काही वर्षे माती तपासण्याचे काम केले आहे. राखेपासून झालेल्या मातीचा एक जुना, सोपा तपास आहे. फिनॉल्फथॅलीन या अल्कात गुलाबी होणाऱ्या द्रव्यात भिजवून वाळवलेल्या गाळण कागदावर चिमूटभर माती ठेवायची आणि वर सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचा थेंब सोडायचा. मिनिटभरात मातीभोवती गुलाबी-लाल डाग पसरला, तर तिच्यात अ‍ॅलोफेन हे राखेपासून बनणारे चिकणमातीचे खनिज असण्याची दाट शक्यता असते. तीच ओलसर माती बोटांत चिरडली की आधी ढेकूळ वाटणारी गोष्ट एकाएकी पाणी सोडून लोण्यासारखी सरकते. पाणी धरून ठेवण्यात तिचा हात धरणारी माती क्वचितच सापडेल.

पण हेच अ‍ॅलोफेन फॉस्फेटला असे घट्ट पकडते की मुळांना ते सहजासहजी मिळत नाही. जपानमधली काळीभोर 'कुरोबोकु' माती दिसायला श्रीमंत असूनही फॉस्फेटची खते भरपूर मिळू लागेपर्यंत नापीक समजली जात होती. 'दगडधोंडे' साहेब, मातीत आहे आणि पानात आहे या दोहोंमध्ये एक कुलूप असते. लोहाचेही तेच आहे. बहुतेक मातीत ते पिकाच्या गरजेच्या कितीतरी पट असते, तरी माती अल्कधर्मी असेल तर पाने पिवळी पडतात.

मातीचे वयही पाहावे लागते. हवाईत ३०० वर्षांपासून सुमारे ४० लाख वर्षांपर्यंतच्या लाव्हावरची जंगले ओळीने तपासली, तेव्हा कोवळ्या जमिनीत नत्र कमी पडते आणि सर्वांत जुन्या जमिनीत फॉस्फरस, असे आढळले. उत्तम काळ मधला.

दगडधोंडे
कुणीतरी विषयावर बोलले, बरे वाटले. कुलपाची गोष्ट मान्य करतो. मात्र आता कुणी आइसलँडचा विषय काढण्याआधी मीच काढतो. १७८३च्या लाकीच्या उद्रेकात तिथली बहुतांश मेंढरे गेली आणि १९७०च्या हेक्लाच्या उद्रेकातही हजारो दगावली. ती गवतावर साचलेल्या राखेतल्या फ्लोराइडमुळे. तो दोष पानावर बसलेल्या ताज्या धुळीचा होता, मुरलेल्या मातीचा नव्हे.

साशंक
हे बरोबर आहे, आणि मी तेच उदाहरण पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवले होते, हे नाइलाजाने कबूल करतो. पण न्यूझीलंडच्या कोबाल्टला ते लागू पडत नाही, कारण तिथे दोष मुरलेल्या मातीचाच होता. आणखी एक. मातीत जे नाही ते माणूस घालू शकतो. फिनलंडने १९८०च्या दशकात खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली आणि तिथल्या धान्यातले सेलेनियम वाढले. त्यासाठी ज्वालामुखी लागला नाही.

दगडधोंडे
लेखातल्या 'सर्व खनिजे' या शब्दांच्या जागी 'अनेक खनिजे' केले आहे आणि 'हिरवे पाणी' काढले आहे. शीर्षक बदलणार नाही.

साशंक
एवढ्या औदार्याची अपेक्षा नव्हती.

गच्चीवरची
वाद कायमचा मिटवावा म्हणून आज दोन सारख्या कुंड्या भरल्या. एकच माती, एकच खत, एकाच पाकिटातले बी, भुकटी फक्त एकीत. दोन्हींना पाणीही घालून झाले. कोणती कोणती हे लिहून ठेवायचे मात्र राहिले.

गांडूळ
जिच्यात खडी लागेल ती.