बाबांना अर्धांगाचा झटका : 'पेशी जिवंत करणारं' इंजेक्शन घ्यावं का?

धायरीची_लेक
बाबा ६८ वर्षांचे. परवा सकाळी चहाचा कप हातातून निसटला, उजवा हात लुळा, तोंड वाकडं. नवले पुलाच्या कोंडीत पाऊण तास गेला, तरी दोन तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आज हात थोडा उचलतात, बोलणं मात्र अडखळतंय. डॉक्टरांनी मेंदूच्या पेशींसाठी सिटिकोलिन नावाचं औषध लिहिलंय. त्यात एक नातेवाईक परदेशी इंजेक्शनांचा महागडा कोर्स सुचवतायत, मेंदूच्या मेलेल्या पेशी त्याने जिवंत होतात म्हणे. आईने पाटल्या काढून ठेवल्यात. काय करू?

निवृत्त_सिस्टर
आईंना आधी पाटल्या कपाटात ठेवायला सांग. तीस वर्षं आयसीयूत काढली, म्हणून स्पष्ट लिहिते. मेलेली पेशी परत येत नाही. तिच्या भोवतीच्या अर्धमेल्या पेशी वाचवता येतात, आणि ते काम तुम्ही त्या दोन तासांत केलंत. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात गं! सिटिकोलिनची युरोपात मोठी चाचणी झाली. २०१२ साली निकाल आला, औषध नसलेल्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस.

आता लक्ष तीन गोष्टींवर ठेव: ताप, साखर आणि गिळणं. ऑस्ट्रेलियात नर्सेसनी पहिले तीन दिवस एवढंच काटेकोर सांभाळलं, तर तीन महिन्यांनी जास्त पेशंट स्वतःच्या पायावर होते. त्यातही गिळणं घरच्यांच्या हातात असतं. आमच्या वॉर्डात एका मुलाने मायेने वडिलांना चहा पाजला. ठसकासुद्धा लागला नाही, नुसता आवाज ओला, घोगरा झाला. चहा फुप्फुसात उतरला होता, दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात थेंबही घालू नकोस.

वारजेकर
माझा भाऊ झोपेतून उठला तोच लुळा. धड कधी होता हे कोणालाच सांगता येईना, त्यात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत हुकली. पुढे मांडीतून तार घालून गुठळी काढली. ते काही जणांना २४ तासांपर्यंत करता येतं, हे आम्हाला तिथेच कळलं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पहिलं घड्याळ बघायचं.

धायरीची_लेक
सिस्टर, काल मीच दोन चमचे चहा पाजला होता. तुमचं वाचून लगेच ड्युटीवरच्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी चमचाभर पाणी देऊन पाहिलं, बाबांचा आवाज ओला झाला. आता नाकातून नळी घातली आहे. ताप नाही. ही नळी साधारण किती दिवस ठेवतात?