खुबा, नडगी, घोटा: ही हाडांची नावं की जागांची?

परवा आई घरात घसरून पडली. डॉक्टर म्हणाले, "खुब्याचं हाड मोडलंय." कागदावर मात्र 'मांडीच्या हाडाची मान मोडली' असं आलं. मावशी रडवेली होऊन विचारत राहिली, "म्हणजे दोन हाडं मोडली का गं?" क्षणभर मलाही नीट सांगता येईना. खुबा म्हणजे नेमकं काय? हाड, सांधा की शरीरावरची नुसती जागा? आणि पुस्तकात सगळीकडे 'अस्थी' लिहितात, बोलताना आपण 'हाड' म्हणतो. या दोन्हींत फरक आहे का?

—

आईंना लवकर बरं वाटो. मी शरीररचना शिकवतो आणि हा गोंधळ दरवर्षी वर्गात पाहतो.

हाड एकच मोडलंय. मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब हाड. वरच्या टोकाला ते आत वळतं. त्या वळणाच्या अरुंद भागाला मान म्हणतात आणि मानेच्या शेवटी चेंडूसारखं डोकं असतं. ते डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतं. हा सांधा आणि कमरेखाली बाजूला हाताला लागणारा उंचवटा, एवढ्या सगळ्या भागाला मिळून आपण खुबा म्हणतो. उतारवयात पडल्यावर खुब्यापाशी मोडतं ते बहुतेकदा मांडीच्या हाडाचं हे वरचं टोकच, म्हणून 'खुबा मोडला' हा शब्दप्रयोग रूढ झाला. तो चूक नाही, पण खुबा हे हाडाचं नाव नाही.

घोट्याचंही तसंच. आतल्या बाजूचा घोटा म्हणजे नडगीच्या हाडाचं खालचं टोक. बाहेरचा घोटा शेजारच्या बारीक हाडाचा, फिब्युलाचा. एका शब्दात दोन हाडांची टोकं आली.

पुस्तकी नावांनी गोंधळ आणखी वाढतो. मांडीच्या हाडाला 'ऊर्वस्थी' म्हणतात. संस्कृतात 'ऊरु' म्हणजे मांडी, पण मराठी कानाला 'ऊर' म्हणजे छाती. छातीच्या मधल्या हाडाचं नाव 'उरोस्थी'. उत्तरपत्रिकेत ही दोन्ही नावं हटकून एकमेकांच्या जागी जातात. 'जंघास्थी'चीही तीच गत. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय. मराठीतली जांघ त्याच शब्दातून आली, पण चढत चढत मांडीच्या मुळापाशी पोचली. त्यामुळे नडगीच्या हाडाचं नाव ऐकून विद्यार्थी मांडीला हात लावतात.

—

वरचा प्रतिसाद वाचून माझ्याच अंगावर हात फिरवून पाहिला. जी हाडं कातडीखाली लगेच लागतात त्यांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत: कवटी, बरगडी, मणका, नडगी. पाठीवर खांद्यामागे लागतो तो फरा. मांसात बुडालेल्यांना मात्र 'मांडीचं हाड', 'दंडाचं हाड' असंच सांगावं लागतं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, पण बोलीत त्यांना वेगळी नावं मी कधी ऐकली नाहीत. गळ्याखालच्या आडव्या हाडाला काही जण हासळी म्हणतात, सगळे नाहीत.

मला सर्वांत आवडतो तो 'मणका'. मणि म्हणजेच माळेतला मणी. एकाखाली एक ओवलेले मणके आणि त्या सगळ्यांचा मिळून कणा. म्हणून 'कण्याचे मणके' बरोबर. 'पाठीचा मणका दुखतो' म्हणताना मात्र पुष्कळदा सगळा कणाच अभिप्रेत असतो.

—

अस्थी आणि हाड यांबद्दल. अर्थ एकच, वापर वेगळा. जिवंत माणसाचं हाड मोडतं, अस्थी मोडत नाही. पण त्याच घटनेला वैद्यकात 'अस्थिभंग' म्हणतात. एरवी नुसतं 'अस्थी' म्हटलं की माणूस गेल्यानंतर उरलेली हाडंच डोळ्यांसमोर येतात. म्हणून रुग्णाशी बोलताना 'हाड' म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना एक पाळावं: शब्द एकटा असेल तर दीर्घ 'अस्थी', समासाच्या सुरुवातीला ऱ्हस्व: अस्थिमज्जा, अस्थिरोग. लिंगही बदललंय. संस्कृतात नपुंसक, मराठीत 'ती अस्थी'. हाड मात्र 'ते'. आणि वाक्प्रचार सगळे हाडाचेच: हाडाचा शिक्षक, हाडवैर, हाडाची काडं करणं.

—

सगळीच पुस्तकी नावं अवघड नाहीत. कोपराखालच्या दोनांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड 'अरास्थी'. अर म्हणजे चाकाचा आरा. लॅटिन 'रेडियस'चाही अर्थ आराच. गुडघ्याच्या वाटीला लॅटिनमध्ये 'पटेला' म्हणतात, म्हणजे छोटी ताटली. वाटी कुणी भाषांतर करून आणलेली नसावी. गुडघा चाचपला की तीच सुचते. कानातली तीन हाडं हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यांतली रिकीब सगळ्यांत लहान, जेमतेम 3 मिलिमीटरची, आणि दिसते खरोखर घोड्याच्या रिकिबीसारखी.

'पेर' विसरू नका. बोटाचं पेर म्हणजे सांधाही आणि दोन सांध्यांमधला तुकडाही, उसाच्या पेरासारखंच. हाडांच्या हिशोबात तुकडा धरायचा: अंगठ्यात 2, बाकी बोटांत 3-3, एका हाताला 14.

—

सांगाडा आणि सापळा हेही विचारून घेते. प्रौढ माणसाच्या 206 हाडांची जी मांडणी तिला सांगाडा म्हणावं की सापळा?

—

दोन्ही चालतात. सांगाडा इमारतीचाही असतो, त्यामुळे त्यात रचनेवर भर येतो. 'नुसता हाडांचा सापळा उरलाय' हे खंगलेल्या माणसाबद्दल बोलतात. शिकवताना मी सांगाडाच म्हणतो.

—

सगळ्यांचे आभार. आईच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवलं: 'उजव्या मांडीचं हाड, वरचं टोक, मान. एकच हाड.' मावशीनं ते दोनदा वाचलं, मग स्वतःच्या कमरेखाली हात लावून तो उंचवटा शोधला आणि म्हणाली, "इथं आत ना?"