सोसायटी ग्रुप: दहशूरचा वाकडा पिरॅमिड

बी-४०३: नमस्कार मंडळी, इजिप्तमध्ये आज सक्कारा आणि दहशूर झालं, गिझा उद्या. हा फोटो बघा ना, पिरॅमिड अर्ध्यावरून आत वळलाय. कॅमेऱ्याची गडबड नाहीये, खरंच असा आहे. गाईडला जेवायची घाई होती, त्यानं काही धड सांगितलं नाही. कुणाला माहितीये का?

ए-३०४: अर्ध्यातून बिल्डर बदलला असेल 😂

बी-१०१: किती गोड फोटो गं. टोपी घालत जा मात्र, आणि पाणी बाटलीतलंच.

सी-२०५: हा स्नेफेरू राजाचा. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचे वडील. साधारण इ.स.पू. २६०० चा काळ. आणि ३०४ वाले दादा, बिल्डर नाही बदलला, राजा तोच होता, काम चालू असताना डिझाईन बदललं. खालचा उतार सुमारे ५४ अंशांचा आहे आणि वरचा ४३ चा. आतल्या खोल्यांना तडे जायला लागले तेव्हा वरचं वजन कमी करायला उतार आडवा केला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ए-१०२: मॅडम बरोबर सांगतायत. मी पाटबंधाऱ्यात धरणांवर आयुष्य काढलं म्हणून मला यातलं पायाचं प्रकरण जास्त दिसतं. त्यांनी ती जागा घेतली तिथे खाली पक्का खडक नाही, मुरूम आणि चिकणमातीसारखी भर आहे, त्यावर लाखो टन दगड चढवला की जमीन बसणारच आणि सगळीकडे सारखी बसत नाही हो, तिथेच घात होतो. शिवाय खालच्या भागात दगडांचे थर आतल्या बाजूला कलते ठेवलेत, जुन्या पायऱ्यांच्या पिरॅमिडची सवय, त्याने आतल्या पोकळीवर दाब अजून वाढतो. वरच्या भागात बघ, थर जवळजवळ सपाट आहेत. म्हणजे साईटवर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. आत गेलीस का? एका खोलीत देवदाराचे वासे टेकू म्हणून लावलेत, साडेचार हजार वर्षं झाली, अजून तिथेच आहेत.

बी-४०३: गेले होते काका, वाकून वाकून कंबर गेली. वासे पाहिले पण मला वाटलं आता दुरुस्तीसाठी लावलेत!!

सेक्रेटरी: उद्या स. १० ते १ टाकीची साफसफाई, पाणी बंद. कृपया भरून ठेवणे.

ए-३०४: हे मला आलंय बघा. फॉरवर्ड: "पिरॅमिड अचानक उगवले, आधी काहीच नव्हतं, मानवाला ते शक्यच नाही, परग्रहवासीयांनी..." पुढचं लांबलचक आहे. मी विश्वास ठेवतोय असं नाही, पण एवढं मोठं एकदम कसं जमलं हा प्रश्न पडतोच ना.

सी-२०५: एकदम जमलंच नाही हो, तेच तर सांगतेय. ताई आज सकाळी सक्काऱ्यात होती, तिथला जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्याही आधीचा, इ.स.पू. २६५० च्या सुमाराचा. त्याआधी राजांची थडगी कच्च्या विटांची, वरून सपाट ओट्यासारखी असायची, त्यांना मस्तबा म्हणतात. जोसरचंही काम तसंच सुरू झालं, फक्त दगडात. मग ते बाजूंनी वाढवलं, मग त्यावर चार टप्पे, शेवटी सहा, आणि उंची गेली ६० मीटरच्या वर. त्याचं श्रेय जोसरचा अधिकारी इम्होतेप याला देतात. तिथले सुरुवातीचे दगड विटांएवढे लहान आहेत, कारण लोकांचा हात विटेवर बसलेला होता, मोठा दगड हाताळायचं अजून शिकायचं होतं. त्याच्यानंतरच्या एकदोन राजांचे तर अपुरेच राहिले. मग स्नेफेरू आला, त्याच्या काळात मैदूमला पायऱ्यांच्या पिरॅमिडवर भर घालून तो गुळगुळीत करायचा प्रयत्न झाला (त्याचं बाहेरचं आवरण ढासळलंय, आता नुसता बुरूज दिसतो), मग दहशूरला हा वाकडा, आणि शेवटी उत्तरेला लाल पिरॅमिड, पहिल्यापासूनच ४३ अंश, कुठे धोका नाही. खऱ्या अर्थानं सरळ बाजूंचा पहिला यशस्वी पिरॅमिड तो. एवढ्या खटपटीनंतर खुफूचा. जोसर ते खुफू शंभर वर्षांच्या आसपासचा मामला आहे. परग्रहावरून आलेल्यांनी आधी तीन ठिकाणी चाचपडून कशाला बघितलं असतं?

ए-१०२: 👌 आणि माझं मत विचाराल तर खरा बांधकामवेडा स्नेफेरूच. त्याच्या तिन्ही पिरॅमिडांचा दगड मिळून खुफूच्या एकट्यापेक्षा जास्त भरतो. नाव मात्र मुलाचं झालं.

बी-१०१: पण गुलामांना चाबकानं मारून करून घेतलं ना सगळं? पिक्चरमध्ये तसंच असतं.

सी-२०५: काकू, ते हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारापासून चालत आलंय, एक लाख माणसं २० वर्षं राबली वगैरे. तो स्वतः खुफूनंतर दोन हजार वर्षांनी तिथे गेलेला. गिझाला कामगारांची वस्ती खोदून काढलीय, तिथे पाव भाजायच्या भट्ट्या, गुराढोरांची हाडं भरपूर, आणि १९९० मध्ये जवळच कामगारांची कबरस्थानं सापडली, पिरॅमिडच्या शेजारी. सांगाड्यांत मोडून नीट जुळलेली हाडं आहेत, म्हणजे कुणीतरी उपचार केलेले. गुलामाला राजाशेजारी कोण पुरतं? अर्थात हौसेनं आले होते असंही नाही, राज्याला श्रम देणं भागच होतं, कष्ट तर हाडांवर दिसतातच.

सी-२०५: आणि सगळ्यात भारी, २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरस (लव्हाळ्याचे कागद) सापडले, खुफूच्याच काळातले. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. आज तुरा नावाच्या ठिकाणच्या खाणीत दगड भरला, आज होडीतून निघालो, गिझाला पोचलो, परत निघालो, असं दिवसवार. बाहेरच्या आवरणाचा पांढरा चुनखडी दगड तो आणत होता. वरचा साहेब कोण तर अंखहाफ, राजाचा सावत्र भाऊ. त्यात चमत्कार शून्य, निव्वळ हजेरी आणि वाहतूक. मला ते पिरॅमिडपेक्षा जास्त आवडतं खरं सांगायचं तर.

ए-१०२: मुकादमाची वही वाचल्यावर कुणालाही कळेल की काम असंच होतं. मी हिशोब करून बघितला. खुफूच्या पिरॅमिडमध्ये अंदाजे २३ लाख दगड, २० वर्षं धरली तर रोजचे ३१५, दहा तासांचं काम धरलं तर दर दोन मिनिटांना एक दगड जागेवर बसला पाहिजे, सरासरी अडीच टनांचा. अवघड आहे पण अशक्य नाही, फक्त खाण, घसरगाड्या, होड्या, दगड वर चढवायचे उतार, रेशन, हत्यारांना धार लावणारे, सगळं एकाच वेळी चालू पाहिजे. लोखंड नाही हां, तांब्याच्या छिन्न्या.

ए-३०४: पण मग राजाला एवढं परवडलं कसं? आपल्याकडे तर साधा रस्ता होत नाही 😅

सी-२०५: नाईल. पूर येऊन गेला की गाळ, गाळावर धान्य, आणि ते धान्य कर म्हणून राजाच्या कोठारात. त्या काळी राज्याची वर्षं गुरांच्या मोजणीवरून मोजायचे, म्हणजे कारकून गावोगावी फिरून जनावरं मोजत होते. स्नेफेरूच्या दहशूरच्या मंदिरात भिंतीवर बायकांची रांग कोरलीय, प्रत्येक बाई म्हणजे राजाच्या मालकीची एकेक वसाहत, भेट घेऊन येतेय. पिरॅमिड नुसतं थडगं नव्हतं हो, त्याच्या पूजेसाठी, रसदेसाठी जमिनी लावून दिल्या, नवी गावं वसली, लेबनॉनहून देवदार आणायला जहाजं गेली. त्या एका कामानं सगळा देश राजाच्या दप्तरात आला.

ए-३०४: मग पुढे बंद का पडलं?

सी-२०५: बंद नाही पडलं, लहान झालं. खुफूचा मुलगा खाफ्रे, त्याचा जवळपास बापाच्याएवढा, पुढचा राजा मेनकाउरे, त्याचा ६५ मीटर, आणि पाचव्या राजवंशात तर आतला भराव कच्चा, त्यामुळे आता ढिगाऱ्यासारखे दिसतात. खर्च देवळांकडे, अधिकाऱ्यांकडे वळला असावा. पण उनास राजाच्या पिरॅमिडपासून आत भिंतींवर मंत्र कोरायला लागले. ताई, सक्काऱ्यात पाहिलंस का?

बी-४०३: अय्यो तो राहिला 😭 उद्या गिझाला आत जायचं तिकीट आहे, तिथे काय बघू?

ए-१०२: राजाच्या खोलीत गेलीस की वर बघ. छताला ग्रॅनाईटच्या नऊ तुळया आहेत, ८०० किलोमीटरवरून आस्वानहून आणलेल्या. दक्षिणेकडच्या भिंतीजवळ टॉर्च मार, नऊच्या नऊ तुळयांना तडे दिसतील, वर भार कमी करायला पाच पोकळ्या ठेवूनसुद्धा. जमलं तर फोटो काढ, जवळून.

बी-४०३: काका, तडे गेलेल्या छताखाली मला पाठवताय?!

ए-१०२: साडेचार हजार वर्षं पडलं नाही, उद्या नेमकं तुझ्यावर पडेल होय. जा निवांत.