मदत हवी आहे: रगूझा इब्ला आणि शाकाहारी सासूबाई

ऑक्टोबरमध्ये सिसिलीला जातोय, चार दिवस मुक्काम रगूझा इब्लात. १६९३ च्या भूकंपात कोसळून बरोक शैलीत पुन्हा उभं राहिलेलं हे डोंगरावरचं गाव. वास्तुविशारद गाल्यार्दीचं सान जॉर्जो चर्च तर बघणारच, पण खरा प्रश्न पोटाचा आहे.

सासूबाई पक्क्या शाकाहारी. (केकमधलं अंडं चालतं, कारण त्या विचारत नाहीत.) टोमॅटो आणि चीज भरून घड्या घातलेला भाजका स्काच्चा त्यांना चालेल म्हणून मी खूश होते, तर कळलं की पिठात कधीकधी डुकराची चरबी, म्हणजे 'स्त्रुत्तो', घालतात. बिनचरबीचा स्काच्चा देणारी बेकरी कुणी पाहिली आहे का? जवळच्या मोदिका गावाला दाणेदार चॉकलेट घ्यायला जाऊच, पण तिथल्या करंजीसारख्या म्पानातिग्गीत चॉकलेटबरोबर चक्क बीफचा खिमा असतो! वेळेत समजलं म्हणून बरं.

शिवाय तिकडे रात्रीची खानावळ आठच्या सुमारास उघडते आणि आमच्याकडे सातला पानं मांडलेली लागतात. मधल्या वेळेला काय खाल्लंत? आणि वरच्या रगूझातल्या सांता मारिया देल्ले स्काले चर्चकडून इब्लात उतरणाऱ्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपतील, की सरळ बसच धरावी?