मदत हवी आहे : 'सगळेच रिपोर्ट पाहिजेत' म्हणणाऱ्यांकडून खरी गरज कशी काढायची?

आम्ही नाशिकमध्ये तिघे मिळून कांदा व्यापाऱ्यांसाठी खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर करतो. आता रिपोर्टचा भाग नव्याने करायचाय. सध्या बावीस रिपोर्ट आहेत आणि लॉग (वापराच्या नोंदी) पाहिले तर त्यातले चारच उघडले जातात.

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या सात व्यापाऱ्यांशी बोललो. 'काय हवं?' विचारलं की उत्तर एकच, 'सगळं द्या'. रिपोर्टची नावं कार्डांवर लिहून क्रम लावायला सांगितला, तर एका शेठने सगळी कार्डं एकाच ढिगात ठेवली. मग लिलावानंतर दोन दिवस मुनीमजींच्या शेजारी बसलो. खरा माल तिथे मिळाला! ते आमच्याच सॉफ्टवेअरमधून आकडे काढून वहीच्या मागच्या पानावर लिहितात: आजचा सरासरी खरेदी भाव (क्विंटलचा), वजनातली घट, कोणाचं पेमेंट बाकी. शेठ मात्र तेच संध्याकाळी फोन करून विचारतात.

'ज्याला हवा तो रिपोर्ट त्याने बनवावा' ही सोय देऊन झाली, कोणी हात लावला नाही. त्यामुळे तो सल्ला नको. बहुतेक जण मोबाईलवरच बघतात, आणि हातात तीन आठवडे आहेत.

रकान्यांऐवजी 'हा आकडा पाहून तुम्ही काय ठरवता' हे बाहेर यावं यासाठी तुम्ही नेमके कोणते प्रश्न विचारता? आणि पहिला स्क्रीन कोणासाठी करावा, वापरणाऱ्या मुनीमजींसाठी की पैसे देणाऱ्या शेठसाठी?