ड्युअल प्लॅनला डिसेंबरची वाट कशाला?

अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी आरोग्यविमा) दोन्ही असलेल्यांनासुद्धा प्लॅन १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्येच बदलता येतो, असं अनेकदा सांगितलं जातं. ते मेडिकेअरच्या सर्वसाधारण मुदतीपुरतं बरोबर. पण २०२५ पासून नियम बदललाय. फुल मेडिकेड (म्हणजे मेडिकेडचे पूर्ण फायदे) असेल, तर दोन्ही एकत्र चालवणाऱ्या ड्युअल प्लॅनमध्ये कोणत्याही महिन्यात जाता येतं आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून तो लागू होतो. अट एवढीच, की मेडिकेडची बाजूही त्याच कंपनीकडे हवी. न्यू जर्सीत हे प्लॅन तसेच आहेत, एकाच कार्डावर सगळं.

मात्र फोनवर प्लॅन विकणारा एजंट दात आणि चष्म्याचे फायदे घडाघडा सांगतो, त्यावर लगेच हो म्हणू नका. आमच्या सासूबाई ॲडल्ट डे केअरला, म्हणजे ज्येष्ठांना दिवसभर सांभाळणाऱ्या सेंटरला जातात. सकाळी व्हॅन दारात येते, दुपारी वरण-भात, मग पत्ते. त्यांचा सगळा जीव तिथे! प्लॅन बदलला तर ते सेंटर नव्या नेटवर्कमध्ये (प्लॅन ज्यांचा खर्च देतो त्यांच्या यादीत) आहे का, हे एजंटला नव्हे, थेट सेंटरच्या ऑफिसात विचारा. त्यांना रोजचं माहीत असतं. डॉक्टरांचंही तसंच. ज्याला काही विकायचं नाही अशा माणसाशी बोलायचं असेल तर राज्याची 'शिप' (SHIP) ही मेडिकेअरबद्दलची समुपदेशन सेवा फुकट आहे. आणि हो, मेडिकेडच्या नूतनीकरणाचं पत्र दरवर्षी येतं, ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका. मेडिकेड गेलं की हा प्लॅनही फार दिवस टिकत नाही.